बँकेतला कंटाळा आणि सामाईक सातबारा

कोकणातल्या बँकशाखांमध्ये कंटाळा साचला आहे, असं म्हटलं की दोन्हीकडून राग ओढवतो. काउंटरबाहेर पासबुक धरून उभा असलेला माणूस म्हणतो, आम्ही इथे तासभर ताटकळतोय आणि यांना म्हणे कंटाळा येतो! आतला माणूस म्हणतो, पाणी प्यायला उसंत नाही, कंटाळा यायला वेळ कुठे आहे? मला दोघांचंही पटतं, तरी माझं म्हणणं कायम आहे. काम नसल्यामुळे येणारा कंटाळा चार दिवस कुठे जाऊन आलं की जातो. हात कामात गुंतलेले असताना जो येतो, तो सुट्टीनंतर दुप्पट होऊन टेबलावर वाट बघत असतो. आपल्या बँकांतला कंटाळा या दुसऱ्या जातीचा आहे. त्याची किंमत कर्मचारी मोजतोच, पण त्याहून जास्त गाव मोजतं.

माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं राजापूर ते सावंतवाडी या पट्ट्यातल्या शाखांत गेली. त्यामुळे हे लिहिताना समोर माणसं आहेत. लातूर-नांदेडकडून आलेली पंचविशीतली मुलं आहेत. पदवीनंतर दोन-तीन वर्षं अभ्यासिकेत बसून, आयबीपीएसच्या पूर्व आणि मुख्य परीक्षा देऊन ती इथे पोचलेली असतात. घरी पेढे वाटले जातात. आणि इथे आल्यावर वर्षभरात त्यांच्या तोंडी एकच वाक्य येतं, ‘सर, यासाठी एवढा अभ्यास केला होता का?’ या प्रश्नाला बँकिंग व्यवस्थेने नीट उत्तर दिलेलं नाही.

त्यांचं काम जवळून बघू. सकाळी अकराची वेळ. काजूच्या फॅक्टरीत काम करणारी एक बाई ‘लाडकी बहीण’चे १,५०० रुपये जमा झाले का ते बघायला आणि झाले असतील तर काढायला आली आहे. काजूच्या टरफलातल्या तेलाने तिच्या बोटांची कातडी वर्षानुवर्षं भाजून निघालेली आहे. अंगठा मशीनवर उमटत नाही. क्लार्क काच पुसतो, तिला बोट पदराला पुसायला सांगतो, मग तर्जनी, मग दुसरा हात. मशीन नाहीच म्हणतं. मग स्लिप, सही, पुन्हा केवायसीचा फॉर्म, आधारची झेरॉक्स. एंट्री टाकायची, ती आतल्या अधिकाऱ्याच्या स्क्रीनवर पासिंगला जाते, तो व्हेरिफाय करतो, पैसे दिले जातात. पुढचा नंबर. पुन्हा तेच. या बाईच्या बोटांचं करायचं काय, हा खरा प्रश्न त्या मुलाच्या डोक्यात येतोही. पण तो कुणाला विचारायचा आणि विचारून काय होणार, हे त्याला माहीत नाही. दोन-चार महिन्यांनी प्रश्न पडायचाही थांबतो. मी कंटाळा म्हणतो तो हा.

यावर बँकांनी काही केलंच नाही असं नाही. महिन्यातून एकदा सगळ्यांच्या वाढदिवसांचा एकच केक कापतात, योगदिनाचे फोटो रीजनल ऑफिसच्या ग्रुपवर जातात, क्रिकेटचे सामने होतात. त्यात वाईट काही नाही, माणसं तेवढ्यापुरती हसतात. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुट्टी सप्टेंबर २०१५ पासून मिळाली, तिचा फायदा झाला. पाच दिवसांच्या आठवड्याची मागणीही मला रास्त वाटते. पण शनिवारी सुट्टी मिळाली म्हणून सोमवारचं काम बदलत नाही. विश्रांती थकव्यावर लागू पडते. हा थकवा नव्हे.

जुन्या लेजरच्या काळाबद्दल हळवं होऊन बोलणाऱ्यांतला मी नाही. ते काम मी केलं आहे. बॅलन्सिंगला एका रुपयाचा फरक आला की रात्री नऊपर्यंत सगळी शाखा तो शोधत बसायची. बचत खात्यावरचं व्याज तेव्हा दहा तारीख ते महिनाअखेर या काळातल्या किमान शिलकेवर काढायचं असे. रोजच्या शिलकेवर व्याज १ एप्रिल २०१० पासून सुरू झालं. खात्यामागून खातं तपासत तो हिशेब हाताने करणं यात काव्य वगैरे काही नव्हतं. संगणकाने ते ओझं उतरवलं हे उत्तमच झालं. पण त्या कामात एक गोष्ट होती. लेजर सांभाळणाऱ्याला त्याची खाती माहीत असायची. सही बघितल्यावर माणूस डोळ्यांपुढे यायचा. कुणाचा मुलगा मस्कतला गेला, कुणाच्या बागेला यंदा मोहोर जळला, कुणाच्या खात्यावर महिन्याला मुंबईहून येणारी रक्कम अचानक थांबली, हे त्याला वहीतून दिसायचं आणि त्यावर तो मॅनेजरशी बोलायचा. कर्ज द्यायचं की नाही हे मॅनेजर त्या बोलण्यावरून ठरवायचा. शाखा विचार करायची.

पुढे काय झालं, ते एका झटक्यात झालं नाही म्हणून कुणाच्या नजरेत भरलं नाही. २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत सरकारी बँकांतून सुमारे एक लाख माणसं बाहेर पडली, त्यात गावं पाठ असलेली पिढी गेली. कोअर बँकिंग आलं आणि खातं शाखेचं न राहता बँकेचं झालं. ग्राहकाच्या सोयीचंच होतं ते. कर्जाच्या फाइली तपासायला दूरच्या शहरात प्रोसेसिंग सेंटरं झाली. जानेवारी २००६ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँक प्रतिनिधी नेमायला परवानगी दिली आणि वाडी-वस्तीवर जाण्याचं काम हळूहळू कमिशनवरच्या बँक मित्रांकडे गेलं. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि ज्याला मोबाइल वापरता येतो तो शाखेत यायचाच बंद झाला. यातला प्रत्येक बदल सुटा घेतला तर त्याचं समर्थन करता येतं. एकत्र घेतले तर दिसतं, की ज्या कामात माणसं भेटतात, डोकं चालवावं लागतं आणि निर्णय घ्यावा लागतो, ते सगळं शाखेबाहेर गेलं. शाखेत उरल्या दुरुस्त्या, तक्रारी, न उमटणारे अंगठे आणि टार्गेट.

टार्गेटबद्दल थोडं बोलायलाच हवं. पंतप्रधान सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत आणि जीवनज्योती विमा ४३६ रुपयांत प्रत्येकी दोन लाखांचं संरक्षण देतो. या चांगल्या योजना आहेत, मासेमारीवर जाणाऱ्या घरांना तर त्यांची गरजच आहे. पण संध्याकाळी पाच वाजता ‘आज किती?’ असा मेसेज येतो आणि उत्तरात फक्त आकडा द्यायचा असतो. मग क्लार्कला विमा समजावून सांगण्यात रस राहत नाही, सही मिळवण्यात राहतो. एका बाजूला धाक, दुसऱ्या बाजूला तोचतोपणा. दोन्ही मिळून माणूस पार कोरडा होतो. ज्यांच्या घरी पुढे दावा करायची वेळ येते, त्यांना आपला विमा होता हेही कधी कधी माहीत नसतं, इतक्या घाईत ती सही घेतलेली असते.

कामाचा कंटाळा कशाने येतो, यावर जगात भरपूर अभ्यास झालेला आहे. १९७६ मध्ये हॅकमन आणि ओल्डहॅम या अमेरिकी अभ्यासकांनी मांडलेला विचार मला आजही बँकेच्या काउंटरला तंतोतंत लागू पडतो असं वाटतं. काम माणसाला धरून ठेवतं ते पाच गोष्टींमुळे: त्यात वेगवेगळी कौशल्यं लागतात, ते सुरुवातीपासून शेवटापर्यंत आपल्या हातून होतं, त्याने कुणाचं तरी भलं होताना दिसतं, त्यात आपल्याला काही ठरवता येतं, आणि ते बरं झालं की वाईट हे आपल्याला कळतं. आजच्या टेबलाला ही फूटपट्टी लावा. कौशल्य एकच. सुरुवात दुसऱ्याने केलेली, शेवट तिसरा करणार. ठरवणार सिस्टिम. फाइल मुंबई-पुण्याला गेली की तिचं काय झालं हे क्लार्कला ग्राहकच येऊन सांगतो, तेही चिडून.

यावर टेबलं बदलत राहा, असा सोपा सल्ला दिला जातो. आज कॅश, पुढच्या महिन्यात क्लिअरिंग, मग पासबुक. बदल्या आणि पाळ्या फसवणूक रोखायला आवश्यकच आहेत. संवेदनशील जागेवरच्या माणसाला वर्षातून एकदा सलग किमान दहा कामकाजाचे दिवस, आधी न सांगता रजेवर पाठवावं, असा रिझर्व्ह बँकेचा २०२१ चा आदेश आहे, तोही याचसाठी. पण कंटाळ्यावर हे औषध नाही. एका नीरस टेबलावरून उठून दुसऱ्या नीरस टेबलावर बसल्याने फार तर आठवडाभर बरं वाटतं. चार बिनडोक कामं एकत्र केली म्हणून त्यांचं डोक्याचं काम होत नाही.

आणि हा प्रश्न फक्त कर्मचाऱ्याच्या मनःस्थितीचा नाही. दुसऱ्या महायुद्धात रडारवर तासन्‌तास पहारा देणाऱ्यांच्या नजरेतून खुणा निसटायच्या. त्यावरून नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने प्रयोग केले आणि ते १९४८ मध्ये प्रसिद्ध केले. घड्याळासारख्या तबकडीवर काटा एकेक टप्पा पुढे सरकायचा, क्वचित एकदम दोन टप्पे उडी मारायचा. ती उडी टिपायची, एवढंच काम. पहिल्या अर्ध्या तासातच माणसांच्या चुका वाढलेल्या दिसल्या. आता आपल्या पासिंग अधिकाऱ्याचा विचार करा. दिवसभर त्याच्यासमोर सारख्याच एंट्र्या येतात, शंभरातली एखादी चुकीची असते. मेकर-चेकर, म्हणजे एकाने एंट्री टाकायची आणि दुसऱ्याने ती तपासून पास करायची, ही बँकेतली सुरक्षेची सगळ्यात मोठी भिंत. तिच्यावर पहाऱ्याला बसवलेला माणूस अर्धवट पेंगलेला राहील अशी कामाची रचना आपणच केली आहे. कंटाळलेल्या शाखेत पासवर्ड सांगितले जातात, व्हाउचर न बघता पास होतात. चौकशी लागली की दोष माणसाचा ठरतो.

मग करायचं काय? माझं उत्तर असं, की काम नव्याने शोधून काढायची गरज नाही. कोकणातल्या शाखेच्या दाराशी डोकं लागणारं, माणसं भेटवणारं, शेवटापर्यंत नेता येणारं काम ढिगाने पडून आहे, आणि ते होत नाही म्हणून जिल्ह्याचं नुकसान होतं आहे. ते शाखेला परत द्यावं.

पहिलं उदाहरण सामाईक सातबाऱ्याचं. कोकणात ठेवी भरपूर आणि कर्जवाटप कमी, हे जुनं दुखणं आहे. चाकरमान्यांचे पैसे येतात, आखातातून येतात, निवृत्तांची पेन्शन असते. त्यातलं इथल्या बागेत, होडीत, धंद्यात किती जातं? ग्रामीण आणि निमशहरी शाखांनी ठेवींच्या ६० टक्के कर्ज द्यावं अशी अपेक्षा आहे आणि जिल्ह्याचं प्रमाण ४० टक्क्यांखाली गेलं तर खास उपसमिती नेमायची तरतूद आहे. बैठका होतात. पण अडतं कुठे, तर सातबाऱ्यावर. एका हापूसच्या बागेच्या उताऱ्यावर पंधरा-वीस नावं असतात. त्यातली काही माणसं हयात नाहीत, काही लालबाग-परळला, काही विरारला, एखादी लग्न होऊन गेलेली आत्या कुठे आहे ते चटकन सांगता येत नाही. वारसाचे फेरफार झालेले नाहीत. बाग मात्र गेली तीस वर्षं एकच भाऊ करतो आहे. फवारणी तोच करतो, राखण तोच करतो, वाशीच्या मार्केटला पेट्या तोच पाठवतो. अशी फाइल प्रोसेसिंग सेंटरला गेली की तिथला अधिकारी ‘सर्व सहहिस्सेदारांची संमती जोडा’ एवढी क्वेरी टाकतो आणि फाइल परत येते. त्याचं काही चुकत नाही. त्याला कागद दिसतो, बाग दिसत नाही. बागायतदार हेलपाटे घालून थकतो आणि दलालाकडून उचल घेतो. उचल घेतली की माल त्यालाच द्यायचा, भाव तो लावेल तो.

इथे शाखेला काही करता येण्यासारखं आहे का? पुष्कळ आहे. १ जानेवारी २०२५ पासून शेतीसाठीच्या दोन लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. म्हणजे एवढ्या रकमेपुरता गहाणखताचा आणि सगळ्या हिस्सेदारांच्या सह्यांचा अडसर बराच सैल होतो. प्रश्न उरतो तो एवढाच, की बाग खरोखर कोण करतं. त्याचं उत्तर पुण्यातल्या स्क्रीनवर मिळत नाही. ते ई-पीक पाहणीच्या नोंदीत थोडं, शेजाऱ्याकडे थोडं आणि बागेत जाऊन उभं राहिलं तर पुरतं मिळतं. नोव्हेंबरात मोहोराच्या दिवसांत बाग पायाखाली घातलेल्या माणसाला कलमं किती, वयाची किती, बाग राखलेली आहे की सोडून दिलेली, हे दोन तासांत कळतं. किसान क्रेडिट कार्डाच्या नियमांतही परतफेडीची मुदत पिकाच्या काढणीशी आणि विक्रीशी जुळवायला सांगितलेलं आहे. आंब्याचा पैसा हातात कधी पडतो हे इथल्या पोराला सांगावं लागत नाही.

आता तो लातूरचा मुलगा डोळ्यांसमोर आणा. आठवड्यातला एक दिवस त्याला काउंटरवरून उठवा. चार वाड्या त्याच्या नावावर द्या. तिथली कर्जप्रकरणं तो बघेल, कागद तो गोळा करेल, आपलं मत लिहील, मॅनेजर ठरावीक रकमेपर्यंत तिथल्या तिथे मंजूर करेल किंवा कारण लिहून नाकारेल. पुढच्या मे महिन्यात वसुलीला तोच जाईल. आपण लिहिलेलं मत बरोबर ठरलं की चुकलं हे त्याला पेटीच्या भावासकट कळेल. त्याला आंब्यातलं काय कळतं, असं कुणी म्हणेल. नाही कळत, पण दापोलीच्या कृषी विद्यापीठाची माणसं जिल्ह्यात आहेत, शाखेचा शिपाई बहुधा स्वतः बागायतदार आहे, आणि एका हंगामात हुशार मुलगा पुष्कळ शिकतो. याच मुलाने गणितं सोडवून लाखोंच्या परीक्षेत नंबर काढला होता, हे आपण विसरतो.

दुसरं काम मृत खातेदारांच्या दाव्यांचं. दहा वर्षं ज्या खात्याकडे कुणी फिरकत नाही, त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होते. देशभरातली अशी रक्कम मार्च २०२४ अखेर ७८,२१३ कोटींवर गेली होती. ज्या मुलखात घरटी एक माणूस मुंबईला असतो, तिथे विसरलेली खाती राहणारच. म्हातारे आईवडील इथे जातात, मुलं तेराव्यानंतर निघून जातात, पासबुक पेटीत राहतं.

कुडाळ तालुक्यातल्या एका शाखेत माझ्याबरोबर एक क्लार्क मॅडम होत्या. नवऱ्याच्या मुदत ठेवीसाठी एक आजी वर्षभर फेऱ्या मारत होती. दर वेळी नवा माणूस भेटायचा, दर वेळी एखादा वेगळा कागद राहिलेला असायचा. ‘सायबांनू, माझे पैशे कधी गावतले?’ एवढंच ती विचारायची. मॅडमनी एके दिवशी तो फायलींचा गठ्ठा स्वतःच्या टेबलावर ओढला. आजीला खुर्ची दिली आणि कागदाच्या पाठीवर तिच्या घरची वंशावळ काढली. किती मुलगे, किती मुली, कोण हयात, कोण कुठे. ठेवीवर नॉमिनी लावलेला नव्हता. एक मुलगा नालासोपाऱ्याला, दुसरा बोलत नव्हता. मॅडमनी दोघांना फोन केले, गणपतीला दोघं आले तेव्हा एकाच दुपारी शाखेत बसवून सह्या घेतल्या. पैसे जमा झाले त्या दिवशी आजी जास्वंदीची फुलं घेऊन आली होती. मॅडम त्या दिवशी उशिरापर्यंत थांबल्या, आणि कुणी थांबायला सांगितलं नव्हतं. पुढे शाखेतले सगळे दावे त्यांच्याकडेच जायला लागले, कारण त्या ते मागून घ्यायच्या. काम तेच बँकेचं, पण पूर्ण एकीच्या हातातलं.

कागद पूर्ण झाले की १५ दिवसांत दावा निकाली काढायचा, असा नियम आहे. रखडतं ते कागद पूर्ण होण्याआधी, आणि ते रखडणं एका माणसाने अंगावर घेतल्याशिवाय सुटत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चार नॉमिनी लावता येतात. ही माहिती वाडीवर जाऊन सांगण्यासारखी आहे, आणि ती सांगायला लागणारा आवाज शाखेतच आहे.

इथे कोकणाचं स्वतःचं पंचांग उपयोगी पडतं, आणि बँकांनी ते कधी गंभीरपणे घेतलेलं नाही. सगळ्या देशाला एकच मोहिमेचा आठवडा, एकच टार्गेटचा महिना ठरतो. पण कोकणात वर्षाचे दिवस सारखे नसतात. भाद्रपदात आणि मे महिन्यात सगळे वारस गावात असतात. तेव्हा प्रत्येक शाखेने एक टेबल फक्त दाव्यांना आणि वारस नोंदींना द्यावं, गौरी-विसर्जनापर्यंतच्या कामाच्या दिवसांत तरी. एरवी वर्षभर न जुळणाऱ्या सह्या त्या आठवड्यात जुळतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. हर्णै, मिरकरवाडा, मालवणच्या होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात, जाळी विणत माणसं घरी बसलेली असतात. किसान क्रेडिट कार्डाची योजना २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही लागू आहे. त्यांची कागदपत्रं गोळा करायची तर तेच दोन महिने. ऑक्टोबरात शिबिर लावलं तर होडीवाला समुद्रात असतो आणि शिबिराला फक्त बॅनर. पावसाळ्यात शाखेतही गर्दी कमी असते. म्हणजे गावाला सवड आणि बँकेला सवड एकाच वेळी असते, तरी त्या दिवसांत आपण कर्मचाऱ्यांना ऑनलाइन प्रशिक्षणाच्या स्लाइड पुढे सरकवत बसवतो.

आक्षेप येतात, आणि ते पोकळ नाहीत. पहिला फसवणुकीचा. शाखांकडे निर्णय होते तेव्हा ओळखीपाळखीत कर्जं वाटली गेली, त्यातली बुडाली, म्हणूनच प्रोसेसिंग सेंटरं आली. हे खरं आहे. म्हणून मी मोठ्या कर्जांबद्दल बोलत नाही. दोन लाखांपर्यंतचं शेतीकर्ज, मच्छीमाराचं खेळतं भांडवल, छोट्या दुकानदाराची मर्यादा, एवढंच परत द्या. शाखेने मंजूर केलेल्या प्रकरणांतली काही प्रोसेसिंग सेंटरने नंतर नमुन्यादाखल तपासावीत. आणि मी तर म्हणतो, गावात फिरणारी नजर ही फसवणुकीविरुद्ध चांगली तटबंदी आहे. बोगस लाभार्थी कागदावर उभा करता येतो, वाडीत उभा करता येत नाही.

दुसरा आक्षेप कर्मचारीच घेतात, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ‘सर, निर्णय घेतला आणि कर्ज थकलं की स्टाफ अकाउंटेबिलिटी माझ्यावर लागणार. न घेतलेल्या निर्णयाची चौकशी कधी होत नाही.’ म्हणजे थकलेल्या कर्जाची जबाबदारी कर्मचाऱ्यावर ठेवणारी चौकशी. हे वाक्य मी चांगल्या, प्रामाणिक माणसांकडून ऐकलं आहे. ते बरोबर बोलतात. जोपर्यंत नीट कारणं लिहून, प्रत्यक्ष पाहणी करून, प्रामाणिकपणे घेतलेल्या निर्णयाला संरक्षण मिळत नाही, तोपर्यंत कुणीही शहाणा माणूस कंटाळाच पत्करेल. अवकाळीने मोहोर गेला आणि खातं थकलं, तर तो दोष मत लिहिणाऱ्या क्लार्कचा नव्हे, हे लेखी स्वरूपात असायला हवं. निसर्ग वादळानंतर दिवेआगर-श्रीवर्धनच्या सुपारीच्या बागा आडव्या झालेल्या ज्यांनी पाहिल्या, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. कर्मचारी संघटनांनी वेतनासाठी जेवढा जोर लावला, तेवढा या एका मुद्द्यासाठी लावावा, असं मला मनापासून वाटतं. वेतनवाढ त्यांनी मिळवून दिली, कामाचा मानही तेच मिळवून देऊ शकतात.

तिसरा आक्षेप मनुष्यबळाचा. पाच माणसांच्या शाखेतून आठवड्याला एक दिवस एकाला बाहेर काढलं तर काउंटर कोण बघणार? भरती हवीच, त्याला पर्याय नाही. पण भरती होईपर्यंत थांबायचं कारणही नाही. शाखेत येणाऱ्या गर्दीतला मोठा भाग एकाच फाइलसाठी पुन्हा पुन्हा येणाऱ्या माणसांचा असतो. ती आजी वर्षभर आली. तिचं काम पहिल्या महिन्यात झालं असतं तर बाकीच्या फेऱ्यांत गेलेला बँकेचा वेळही वाचला असता. आणि रोज संध्याकाळी जे तक्ते भरून पाठवायचे असतात, त्यातले किती कुणी उघडून बघतं, याचा हिशेब रीजनल ऑफिसने एकदा मांडावा. एक दिवस तिथूनच निघेल.

परप्रांतातून आलेल्या तरुण अधिकाऱ्यांबद्दलही एक सांगतो, कारण त्यांच्यावर फार टीका होते. भाषा येत नाही हे खरं, आणि यायला हवी हेही खरं. पण बिहार-ओडिशातून आलेला मुलगा जर दिवसभर फक्त स्क्रीनवर व्हेरिफाय दाबणार असेल, तर तो मराठी शिकणार कुणाशी बोलून? वाडीत गेला, चहा प्यायला, कोकमाचं सरबत घेतलं, बागेतून हिंडला, तर सहा महिन्यांत तो निदान ‘फेरफार’ आणि ‘वहिवाट’ तरी समजून घेईल. गावाशी संबंध तोडून ठेवलेल्या माणसाकडून गावाच्या भाषेची अपेक्षा करणं त्याच्यावर अन्यायाचं आहे.

हे सगळं दिल्लीहून आदेश आल्याशिवाय होणार नाही, असं समजून हात बांधून बसण्याची गरज नाही. भाद्रपदातलं दाव्यांचं टेबल लावायला रीजनल मॅनेजरचा एक ईमेल पुरतो. क्लार्कच्या नावावर वाड्या लावून देणं मॅनेजरच्या हातात आहे. परत आलेल्या प्रत्येक फाइलचं पुढे काय झालं हे ती पाठवणाऱ्या क्लार्कला कळवणं, हे तर प्रोसेसिंग सेंटरला आजपासून करता येईल. आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दर तिमाहीला बँकांची जी समन्वय बैठक होते, तिथे कर्जवाटपाच्या टक्केवारीबरोबर दोन आकडे मागावेत: सामाईक सातबाऱ्याच्या कारणाने किती प्रकरणं परत गेली, आणि त्यातल्या किती बागांवर बँकेचा माणूस प्रत्यक्ष जाऊन आला.